दीड मीटर निळं कापड

सोमवार, ३ मार्च

ताई,

नमस्कार करावा की नको ते नऊ वर्षांनी कळेनासं झालंय, तरी करून टाकते. फोन तू उचलत नाहीस. तुझा मुलगा म्हणतो, "मावशी, तुमच्या दोघींच्या मध्ये मला घेऊ नकोस," म्हणून पत्र. भांडायला लिहीत नाहीये, कामाचं आहे.

एक गिऱ्हाईक आलंय. बाई आहे, बावन्नची. तिला आतून घालायला असं काहीतरी शिवून हवंय की चमचा-दोन चमचे पाणी त्यात जिरेल, वरून ओल दिसणार नाही आणि दुकानात चार माणसांत उभं राहिलं तर कुणाला पत्ता लागणार नाही. विकत मिळतं ते तिला नको. कडक लागतं म्हणते, चालताना कागदासारखं वाजतं म्हणते. मी म्हटलं, बघू. आणि मी एकदा "बघू" म्हटलं की मला चैन पडत नाही, हे तुला ठाऊक आहे.

शोकेसची काच काढून कटिंगच्या टेबलावर आडवी ठेवली. तिच्यावर वर्तमानपत्र, त्यावर कापडाचे थर, आणि वरून चहाच्या चमच्याने पाणी. वर्तमानपत्र भिजलं की नमुना नापास. आजवर अकरा नापास झालेत. टॉवेलचं कापड एकटं ठेवलं तर पाणी पितं, पण वर ओलंच राहतं. त्यावर पॉपलिन घातलं तर पाणी घरंगळत कडेला जातं. फ्लॅनेल पितं, पण इतकं सावकाश की तोवर जे व्हायचं ते होऊन जातं. शेवटी सगळ्यात खाली मेणकापड घातलं आणि थर हलू नयेत म्हणून मधून चौकटीचा टाका मारला, तर मेणकापडाखालीसुद्धा ओल. ती कुठून येते ते मला समजत नाही.

कापड तुझं आणि टाका माझा, अशी बाबांनीच वाटणी करून दिली होती. म्हणून विचारते. एका ओळीत उत्तर दिलंस तरी चालेल, नुसतं कापडाचं नाव लिहिलंस तरी चालेल.

दुकान आहे तसंच आहे. माझ्या स्टुलाचा पाय तू गेलीस त्याच वर्षी मोडला, तेव्हापासून तुझंच वापरते. बाबांची कात्री मी कुणाला हात लावू देत नाही. गिऱ्हाइकाचं उरलेलं कापड अजूनही गुंडाळी करून, पांढरा दोरा बांधून, नावाची चिठ्ठी लावून परत देते, वीतभर असलं तरी. तुला टोमणा मारायला हे लिहिलं असं समजू नकोस. त्या जुन्या गोष्टीबद्दल मी बोलणार नाही. तू कापड नेलंस, मी बोलले, झालं.

बटण


बुधवार, १२ मार्च

ताई,

उत्तर नाही. पोस्टातली बाई आपल्याकडेच कपडे शिवून घेते, तिला विचारलं, तर म्हणाली, पत्र परत आलेलं नाही म्हणजे घेतलंय. घेतलंस तर वाचलंही असशील. तू औषधाच्या डबीवरचा कागदसुद्धा शेवटपर्यंत वाचतेस.

मग खरं सांगून टाकते. गिऱ्हाईक मीच आहे.

ओळखलं असशीलच. लहानपणी बटण गिळलं तेव्हाही मी आधी "शेजारच्या मुलीने गिळलं तर काय होईल गं" असंच विचारलं होतं आणि तू मला पालथं करून पाठीत धपाटे घातले होतेस.

झालं असं. शाळेतल्या बाई आल्या होत्या, स्कर्टची खालची पट्टी दुमडायची होती. मी गुडघ्यांवर, तोंडात सहा टाचण्या. आणि शिंक आली. तोंडात टाचण्या असताना शिंक आली की माणूस सगळं लक्ष ओठांवर देतो. मी टाचण्या वाचवल्या. दुसरं वाचलं नाही. बाई वर बघत होत्या, त्यांना काही कळलं नाही. मी मात्र पट्टी पूर्ण होईपर्यंत गुडघ्यांवरच राहिले, उभी राहिलेच नाही, आणि "मला आज खालूनच बरं दिसतंय" असं काहीतरी बरळले.

ती पहिली वेळ नव्हती. कापडाचा तागा उचलताना एकदा झालं, जिन्यावर दोनदा. आता तर किल्ली कुलपात घातली की लगेच घाई होते, जसं काही कुलपाचा आणि माझा काही ठराव झालाय. वरच्या संडासापर्यंत सतरा पायऱ्या आहेत, हे मला बावन्न वर्षांत कधी मोजावं लागलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंकडे गेले. आधी लघवी तपासली, त्यात जंतू नाहीत. मग त्यांनी विचारलं, पाळी कधीपासून नाही? म्हटलं, सात महिने. म्हणाल्या, या सुमारास होतं असं, पुष्कळ बायकांना होतं, खालचे स्नायू सैल पडतात, आतली त्वचा कोरडी पडते, आणि याला उपाय आहेत. त्यांनी एक मलम दिलं आणि एका व्यायामवाल्या बाईंचा पत्ता दिला.

तुला वाटेल मी रडले असेन. लाज वाटली, ते खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त नवल वाटलं. बावन्न वर्षं एका घरात राहावं आणि एक दिवस कुणीतरी सांगावं की तुमच्या घराला तळघर आहे, आणि तिथे खूप काही चाललेलं असतं. मला आता ते तळघर बघायचंय. तू म्हणशील, झालं हिचं सुरू.

कापडाचं नाव कळव. आता तर गिऱ्हाईक कोण तेही कळलं.

बटण


गुरुवार, २७ मार्च

ताई,

मी तळघर बघून आले.

व्यायामवाली बाई तिशीची असेल. तिच्या टेबलावर कमरेच्या हाडांचा सांगाडा आहे आणि त्याला खालून लाल रबराचे स्नायू लावलेत. मी हातात घेऊन उलटा केला. पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते, ताई. लघवीची पिशवी, गर्भाची पिशवी, आतडं, सगळा संसार त्या झोळीवर बसलेला. आणि त्या झोळीला तीन भोकं. मी म्हटलं, "एवढ्या ओझ्याला एवढंच अस्तर? आणि भोकांना साधी पट्टीसुद्धा नाही?" ती हसायला लागली. म्हणाली, शिवणाऱ्या बाईकडून हे पहिल्यांदाच ऐकलं.

व्यायाम असा की, वारा अडवतो ना चारचौघांत, तसं आत आणि वर ओढायचं. पाच आकडे धरायचं, मग पूर्ण सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. सोडणंही तितकंच महत्त्वाचं, असं तिने दोनदा बजावलं. मला वाटलं यात काय मोठं, मशीनवर बसल्या बसल्या होईल. होत नाही. मी आत ओढायला गेले की मांड्या आवळल्या जातात, मांड्या आवळल्या की पाय खाली दाबला जातो आणि पायमशीन सुसाट सुटतं. एक अख्खी बाही खिशावर शिवून बसले. उसवताना श्वास सोडला तेव्हा कळलं की श्वासही धरून ठेवला होता.

तीन महिने लागतील म्हणाली. म्हटलं, एवढे? तर म्हणाली, "बावन्न वर्षं लक्ष दिलं नाहीत, तीन महिने द्या." मला फटकळ माणसं आवडतात.

मग मी हुशारी दाखवायला सांगितलं की मी पाणी कमी केलंय आणि खबरदारी म्हणून दर अर्ध्या तासाने वर जाऊन येते. वाटलं, शाबासकी मिळेल. तिने डोक्याला हात लावला. पाणी कमी केलं की लघवी दाट होते आणि पिशवी आणखी चिडते. सारखं सारखं जाऊन आलं की पिशवीला थोडक्यातच हाक मारायची खोड लागते. आता हाक आली की लगेच उठायचं नाही, बसून राहायचं, आत ओढायचं, दहा बटणांची काजं मनात मोजायची आणि मग शांतपणे जायचं. आणि शिंक येतेय असं वाटलं की शिंकेच्या आधी आवळायचं. ही शेवटची युक्ती तर मी तिथेच तीनदा खोटं खोटं शिंकून बघितली.

आता ऐक. माप घ्यायला बाई पडद्याआड आली की खरं बोलते, हे तूच मला शिकवलंस. मी कंबर मोजता मोजता म्हणते, "मला हल्ली शिंकलं की जरा होतं, तुम्हाला?" मग टेप छातीवर जाईपर्यंत बाई बोलायला लागते. पोस्टातली बाई पाच तास खिडकीवर बसते, घोटभरही पाणी पीत नाही. शाळेतल्या बाई, ज्यांच्यापुढे मी गुडघ्यांवर अडकून बसले होते, त्या स्वतः दोन वर्षं काळेच स्कर्ट शिवून घेताहेत, आणि कारण काय तर हे. ज्या बाई हो म्हणतात त्यांच्या मापापुढे मी पेन्सिलीने एक टिंब काढते. नुसतं टिंब, कुणाला कळायचं नाही. ताई, वहीचं एक पान तर टिंबांनी भरून गेलंय. इतक्या वर्षांत एवढ्या कमरांना माझा टेप लागला आणि मी कुणाला विचारलंच नव्हतं.

सगळ्यांना तेच हवंय जे मला हवंय. नमुने आता सतरा झालेत. सतराही नापास.

बटण


सोमवार, १४ एप्रिल

ताई,

तुझ्या मुलाने फोनवर एवढंच सांगितलं की आई पत्रं वाचते आणि शिवणाच्या डब्यात ठेवते. आणि पुन्हा, "मावशी, मला मध्ये घेऊ नकोस." गुणी आहे. बापावर गेलाय.

आज जरा निराळं लिहिते. बोलणार नाही म्हणाले होते, पण जित्याची खोड.

काळ्या स्कर्टवरून मला काहीतरी आठवलं. त्या वर्षी तूही गडद कपडे घालायला लागली होतीस. मी तुला विचारलं होतं, रोज उठून कुणाच्या शोकसभेला जातेस? चहा सोडलास. कपड्यांची पोचवणी करायला तू जायचीस, ती मला लावलीस. तुझं स्टूल खिडकीपासून उचलून जिन्याच्या दाराशी आणलंस, म्हणालीस तिथे उजेड बरा. तिथे उजेड कधीच बरा नव्हता. मी ते तेव्हाही म्हटलं होतं.

मग मी स्वतःलाच म्हणते, छे. तसं असतं तर तू सांगितलं असतंस. आपण दोघी एका खोलीत झोपलो, एका ताटात जेवलो. मला नाही सांगणार तर कुणाला सांगणार?

तो दिवस मी पुन्हा आठवून बघितला. शाळेच्या बॅंडचे एकतीस कोट. तीस झाले होते, एकतिसाव्याचं निळं कापड टेबलावर होतं, दीड मीटर, झांजा वाजवणाऱ्या सगळ्यात बुटक्या मुलीचं. दुसऱ्या दिवशी स्पर्धा. बॅंडमास्तर स्वतःचा कोट घालून बघायला आलेले, चार पालकही होते. मी मास्तरांच्या पोटाला टेप गुंडाळला आणि म्हटलं, "मास्तर, हा ढोल शाळेचा की घरचा?" सगळे हसले. तू तर टेबल धरून हसत होतीस, डोळ्यांतून पाणी. तू अशी हसलीस की मला फार बरं वाटायचं, म्हणून मी आणखी दोन विनोद केले. मग तू एकदम गप्प झालीस. टेबलावरचं कापड ओढलंस, छातीशी घेतलंस आणि मागच्या दाराने वर गेलीस. संध्याकाळपर्यंत खाली आली नाहीस.

मी एकतिसावा कोट दुसऱ्या निळ्यातून कापला. दुकानात सारखा दिसत होता. उन्हात वेगळा दिसला. मास्तरांनी त्या मुलीला मागच्या रांगेत उभं केलं आणि मला विचारलं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, कापड ताईने नेलं, तिलाच विचारा. घरी येऊन मीही विचारलं, तर तू म्हणालीस, "नेलं. वापरलं." कशाला ते सांगेनास. तेव्हा मी म्हणाले की बाबा चिंधीसुद्धा परत करायचे आणि त्यांच्याच दुकानात कापडचोर निघाली.

तू कात्री टेबलावर ठेवलीस, तिचं तोंड मिटून ठेवलंस, आणि तिसऱ्या दिवशी मुलाकडे गेलीस.

मी खोटं काय बोलले, हे मी नऊ वर्षं स्वतःला विचारत आलेय. कापड तू नेलंच होतंस. आज मात्र उत्तर मागताना तसा जोर येत नाहीये.

बटण


मंगळवार, ६ मे

ताई,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितेय. आधीची दोन फाडली.

काल दुपारी मशीनवर होते. हाक आली. व्यायामवाल्या बाईने सांगितलं तसं बसून राहिले, आत ओढलं, काजं मोजायला लागले. हल्ली बरं जमतं, आठवड्यातून चारदा व्हायचं ते एकदा होतं. पण सातव्या काजाला दारात कुणीतरी जोरात भांडं पाडलं, मी दचकले, आणि झालं ते झालं. थोडं नव्हतं. स्टुलावरच.

गिऱ्हाईक गेल्यावर दार लावून स्टूल पुसायला घेतलं. वरचं तपकिरी कापड ओलं. म्हटलं खोळ काढून धुवावी, पण खिळे कुठे मारलेत ते दिसेनात. स्टूल उलटं केलं तर खालून बटणं. सहा, खोळीच्याच रंगाची, काजं इतकी बारीक की माझीसुद्धा तशी होत नाहीत. नऊ वर्षं मी त्या स्टुलावर बसतेय आणि मला माहीत नव्हतं की त्याची खोळ निघते.

खोळ काढली. खाली विरळ विणीचं मऊ सुती कापड, जुन्या बनियनचं असावं. त्याखाली टॉवेलचं, दुहेरी. त्याखाली फ्लॅनेल. आणि सगळ्यात खाली मेणकापड, कडा चारी बाजूंनी वर वळवून, ताटासारखं. त्या मेणकापडाला मधोमध एकही टाका नाही. सगळे थर फक्त वर वळवलेल्या काठावर टाचलेत. आणि त्याखालची लाकडी फळी, ताई, कोरडी ठणठणीत. मी गाल लावून बघितला.

मेणकापडातून सुई गेली की भोक पडतं आणि त्याच भोकातून पाणी उतरतं. मेणकापडाचे माझे सगळे नमुने त्यावरच नापास झाले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझा कळसा तर बुडाखाली होता.

मग मी आतल्या शिवणीत बघितलं. बाबांनी आपल्याला लावलेली सवय, जे शिवाल त्याच्या आत लाल दोऱ्याने महिना नि वर्ष घाला. तुझा टाका होता. सप्टेंबर. बॅंडचे कोट त्याच्या पुढच्या जानेवारीतले.

चार महिने आधी तू हे शिवून त्यावर बसत होतीस. माझ्यापासून तीन हातांवर. आणि तेव्हा तू बावन्नची होतीस. हे मी आज बोटांवर मोजलं.

म्हणजे त्या दिवशी मी तुला हसवलं. मास्तर समोर, चार पालक समोर, तू स्टुलावर नव्हतीस, टेबलाशी उभी होतीस. जवळ होतं ते कापड तू गुंडाळलंस आणि गेलीस. मग ते गिऱ्हाइकाला परत कसं देणार? आणि मी तुला चोर म्हटलं.

जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, असं आपण गिऱ्हाइकांबद्दल किती सहज म्हणायचो. मला कळायला तुझं वय व्हावं लागलं. मी चुकले, ताई. नुसतं त्या वेळी नाही, त्यानंतर नऊ वर्षं रोज चुकले, कारण विचारायचं सोडून मी चिडून बसले. जी बाई परक्या बायकांना कंबर मोजता मोजता विचारते, तिने आपल्या बहिणीला एकदा दार लावून विचारलं नाही. मला माफ कर. करायची नसेल तर तसं लिही, पण लिही.

खोळ धुऊन, वाळवून, होती तशी घातलीये. एकही थर बदलला नाही.

बटण


सोमवार, १२ मे

ताई,

आज बॅंडमास्तरांच्या घरी गेले होते. ज्या माणसासमोर तुझं नाव घेतलं त्याच्यासमोर ते पुसायला हवं होतं. प्रश्न एवढाच होता की तुझी गोष्ट न सांगता कसं पुसायचं. वाटेत दोन गल्ल्या जास्तीच्या चालून ठरवलं.

मास्तर आता निवृत्त झालेत, वाळलेत, ढोल गेला. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "मास्तर, ते एकतिसाव्या कोटाचं कापड ताईने चोरलं नव्हतं. ते माझ्यामुळे गेलं. मी खोटा आळ घेतला."

ते म्हणाले, "कुठलं कापड?"

मी सगळं सांगितलं, निळं, दीड मीटर, मागची रांग. त्यांना काहीही आठवेना. त्यांनी आत बायकोला हाक मारली, तिलाही आठवेना. मग मास्तर म्हणाले, "तुझा तो ढोलाचा विनोद मात्र आठवतो. ही अजून मला त्यावरून चिडवते." आणि दोघं हसली.

मी घरी आले आणि भांडं आपटलं. ज्यांच्यापुढे अब्रू गेली म्हणून आपण दोघींनी नऊ वर्षं घालवली, त्यांच्या ध्यानीमनीही नाही. लक्षात राहिलं ते फक्त तुझ्या आणि माझ्या.

माझा अठरावा नमुना पास झाला. तुझ्या स्टुलाची नक्कल केली, फक्त मेणकापडाऐवजी छत्रीचं कापड घेतलं, ते मऊ असतं. काठ मात्र मांडीला काचतात. तिथे माझी अक्कल संपली.

बटण


मंगळवार, २० मे

बटणे,

सहा पत्रं मिळाली. तू बोलतेस तेवढंच लिहितेस.

सोबत पुडकं आहे. नीट उघड, कात्री घालू नकोस.

वर फर्मा आहे, जाड कागदाचा, तीन मापांत. हा माझा चौथा. आधीचे तिन्ही तुझ्यासारखेच मांडीला काचत होते. काठ सरळ कापलास म्हणून काचतो. कापड तिरकं धरून उरेब काप, ताणला जाईल. छत्रीचं कापड बरोबर घेतलंस. वरच्या थराला तलम विरळ सुतीच घे, बाकी कशाच्या नादी लागू नकोस. वापरल्यावर गार पाण्यात भिजव, गरम नको, वास बसतो. ज्या बायकांची टिंबं काढलीस त्यांना शिवून दे. आणि ती टिंबं खोडून टाक, वही कुणाच्याही हाती पडते.

व्यायाम मीही करते, पाच वर्षं झाली. आधी कुणी सांगितलं नव्हतं. सोडू नकोस.

फर्म्याच्या खाली कोट आहे. एकतिसावा. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात कापड तीनदा धुतलं, वाळवलं, इस्त्री केली आणि कापला. माप माझ्या ध्यानात होतं. आत तारीख आहे, बघ. त्यातलं उरलेलं कापड खिशात गुंडाळी करून, दोरा बांधून ठेवलंय, चिठ्ठीवर शाळेचं नाव आहे. पाठवणार होते. पण स्पर्धा होऊन गेली होती, आणि कोट पाठवला असता तर तू विचारलं असतंस की कापड मध्ये कुठे होतं. ती मुलगी आता घोड्याएवढी झाली असेल. तरी कोट शाळेत नेऊन दे. गिऱ्हाइकाचा आहे.

तू विचारतेस, मला का नाही सांगितलंस. खरं सांगू? सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी त्यावर विनोद केला असतास, आणि मी पुन्हा हसले असते. त्यापेक्षा चोर म्हणवून घेणं सोपं वाटलं. ते सोपं नव्हतं. पण झाकली मूठ एकदा झाकली की उघडायला बोटं वळत नाहीत. तू आधी उघडलीस. तुझं दुसरं पत्र, टाचण्यांचं, वाचताना मी इतकी हसले की मुलगा बघायला आला. काही झालं नाही, बटणे. आधी आवळलं होतं.

राग होता. बाबांचं नाव घेऊन बोललीस त्याचा होता. थोडा अजून आहे, तो समोरासमोर काढीन.

गुरुवारी, २९ तारखेला निघते. बस चार तासांची आहे, मध्ये दोन थांबे आहेत, दोन्हीकडे जायची सोय स्वच्छ आहे, मी विचारून ठेवलंय. कात्रीला धार लावून ठेव, तू लावली नसशीलच.

आणि स्टूल माझं आहे. तुझं तू दुसरं शिव.

ताई